फोनवर टेबलाचा शेवटचा कॉलम गायब, आणि नेमका तोच पेटीचा दर

कातळकर:

नमस्कार मंडळी. मी कोडवाला नाही. डोंबिवलीत एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. देवगड तालुक्यात काकांची हापूसची कलमं आहेत, आणि "तू कॉम्प्युटरवर बसतंस ना, मग वेबसाइट तूच कर" या न्यायाने तीन वर्षांपूर्वी साइट माझ्या गळ्यात पडली. वर्डप्रेस आणि त्यावर पानं मांडायचं एलिमेंटॉर, दोन्ही फुकट आवृत्त्या. टेबलासाठी एक फुकटचं अ‍ॅडऑन टाकलंय, त्यातलं डेटा टेबलचं विजेट वापरतो.

सगळा घोळ दरांच्या टेबलाचा आहे. पाच कॉलम आहेत: साईज, एका फळाचं वजन, पेटीत किती, डझनाचा दर, पेटीचा दर. गेल्या सीझनला ते असं होतं. ४ डझनी पेटी, फळ २७५ ते ३०० ग्रॅम, डझन १,२००, पेटी ४,८००. ५ डझनी, २३० ते २५० ग्रॅम, डझन ९००, पेटी ४,५००. ६ डझनी, २०० ते २२० ग्रॅम, ७०० आणि ४,२००. शेवटी ७ डझनी, १७५ ते १९० ग्रॅम, ५५० आणि ३,८५०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेटी एकाच मापाची असते, फळ मोठं असलं की डझन कमी बसतात. म्हणजे आकडा जितका लहान तितका आंबा मोठा. हे नव्या गिऱ्हाइकाला समजावताना आधीच अर्धा फोन खर्ची पडतो.

लॅपटॉपवर टेबल झकास दिसत होतं. हापूसच्या रंगाची पिवळी पट्टी, त्यावर पांढरी अक्षरं, चारही कोपरे गोल. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात, सकाळी लोकलमध्ये असताना काकांचा फोन. "अरे झिला, पेटयेचो दर खंय गेलो?" म्हटलं, कुठे जाईल, आहे तिथेच आहे. तर नव्हता. फोनवर टेबल डझनाच्या दराशीच संपत होतं. कापलंय असंही वाटत नव्हतं, मुद्दाम चारच कॉलमचं केल्यासारखं नीटनेटकं दिसत होतं. त्या एका सकाळी तिघांनी "६ डझनी, ७००" वाचून यूपीआयने ७०० रुपये पाठवले आणि पत्ता कळवला. त्यांचं काय चुकलं? समोर जे होतं तेच वाचलं.

दोघांना समजावलं, पैसे परत केले. तिसरे पुण्याचे एक आजोबा, त्यांनी "वेबसाइटवर एक आणि फोनवर एक, हा काय धंदा झाला?" असं सुनावलं. काकांनी त्यांना ७०० मध्ये चांगल्या साईजचा एक डझन पाठवला आणि वर दोन पायरी घातले. गिऱ्हाईक टिकलं, पण काका अजून ऐकवतात.

मग घाबरून मी एक्सेलचा स्क्रीनशॉट काढून टेबलाच्या जागी चिकटवला. फोटो असल्यामुळे कापला जायचा प्रश्न नाही. पण आठवड्याने दर उतरले, मी फोटो बदलला, आणि तोवर जुना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे कुठे फिरून आला होता.

यंदा फोटो नको, खरंखुरं टेबल हवंय. तीन प्रश्न आहेत. एक, शेवटचा कॉलम का गायब होतो? दोन, वरच्या पट्टीतल्या मराठी अक्षरांची मान मोडल्यासारखी का दिसते, "पेटीचा" हा शब्द तुकड्यातुकड्यांत येतो. इंग्रजीत हेच छान दिसत होतं. तीन, कॉलमवर टिचकी मारून दर चढत्या क्रमाने लावायची सोय मी चालू केली होती, तर सगळ्यात स्वस्त म्हणून १,२०० वर येतं. विजेटला गणित येत नाही का?

आणि हो, काकांना त्यांचा जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) नंबरही टेबलात हवाय. २०१८ साली हापूसला जीआय मिळालं, नंतर काकांनी रीतसर नोंदणी केली, तेव्हापासून तो नंबर त्यांना लग्नपत्रिकेवरही छापायचाय.


दुपारची_झोप:

आंबा कधीपर्यंत येईल? आणि ५ डझनीचा यंदाचा दर काय? (टेबल दिसत नाहीये म्हणून विचारतोय.)


अर्धविराम:

कातळकर, तुमच्या विजेटचा दोष वाटत नाही. तुमच्या गोल कोपऱ्यांचा आहे.

माझा अंदाज सांगते, चुकला तर सांगा. तुम्ही टेबलाला कोपऱ्याची गोलाई दिली, ती लागली नाही. ती लागतच नाही, कारण टेबलाच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणजे बॉर्डर-कोलॅप्स कोलॅप्स असतं, तेव्हा ब्राउझर टेबलाची गोलाई मानत नाही. मग तुम्ही बाहेरच्या कंटेनरला, म्हणजे टेबलाभोवतीच्या चौकटीला, गोलाई दिली, तरी टेबलाचे टोकदार कोपरे बाहेर डोकावत राहिले. मग कुठल्यातरी व्हिडिओत पाहून कंटेनरचं ओव्हरफ्लो हिडन केलंत. कोपरे गोल झाले, तुम्ही खूश. पण हिडनचा अर्थच असा की चौकटीबाहेर जे जाईल ते दाखवू नकोस. लॅपटॉपवर बाहेर काही जात नव्हतं. फोनवर पाचवा कॉलम गेला, आणि ब्राउझरने सांगितल्याप्रमाणे इमानदारीत लपवला. सरकवायची पट्टीही नाही, कारण हिडनमध्ये ती मिळत नाही.

कंटेनर निवडा, लेआउटमध्ये खाली जास्तीचे पर्याय आहेत, तिथे ओव्हरफ्लो आहे. हिडनच्या जागी ऑटो करा. ऑटोसुद्धा गोल कोपऱ्याच्या बाहेरचं कापतं, त्यामुळे तुमचे कोपरे राहतील आणि टेबल बोटाने आडवं सरकवता येईल. टेबलाला किमान रुंदीही द्या, ५२० पिक्सेल वगैरे, नाहीतर ते सरकण्याऐवजी अंग चोरून बसेल आणि "डझनाचा" शब्द तीन ओळींत उभा राहील. पहिला कॉलम जागीच थांबवायचा असेल तर त्या सेलला पोझिशन स्टिकी आणि लेफ्ट शून्य. सोबत पार्श्वभूमीचा रंग द्यायला विसरू नका. तो नसेल तर मागून सरकणारे आकडे साईजच्या अंगावरून जातात, फार विचित्र दिसतं. (नावं देवनागरीत लिहितेय, टाकताना रोमनमध्येच टाका. मागे एकाने खरंच जशीच्या तशी चिकटवली होती.)

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण ते पुरेल असं मला वाटत नाही. फोनवर आडवी पट्टी बहुधा दिसतच नाही, बोट लावलं तरच क्षणभर चमकते. पुण्याच्या आजोबांना टेबल उजवीकडे सरकतं हे कोण सांगणार? साधा फोन ३६० पिक्सेल रुंद धरा. दोन्ही बाजूंची मोकळी जागा १६-१६ गेली, उरले ३२८. पाच कॉलम म्हणजे प्रत्येकी ६५. त्यात सेलच्या आतली जागा काढली की "२७५ ते ३०० ग्रॅम" कुठे मावणार? पाच कॉलम हवेतच कशाला? गिऱ्हाइकाला तुम्ही पेटी विकता. मग पेटीचा दर दुसऱ्या कॉलमात पाहिजे, शेवटच्या नव्हे. समजा उद्या पुन्हा काहीतरी कापलं गेलं, तरी कापलं जाईल ते वजन. पैसा दिसत राहील.

मान मोडलेल्या अक्षरांचं कारण म्हणजे लेटर स्पेसिंग, अक्षरांमधलं अंतर. टेम्प्लेट ज्याने केलं त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी कॅपिटल अक्षरं होती, ती जरा सुटी केली की रुबाबदार दिसतात. आपली अक्षरं शिरोरेखेला लटकलेली. तुम्ही त्यांच्यामध्ये दोन पिक्सेल घातलेत की रेघ जागोजाग तुटते. टायपोग्राफीत जाऊन ते शून्य करा. तिथेच लाइन हाइटही (ओळीची उंची) बघा, १.२ असेल तर १.६ करा. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. शब्द कुठेही तोडायचा पर्याय, वर्ड ब्रेकमधला ब्रेक-ऑल, चालू असेल तर तोही बंद.

पिवळ्यावर पांढरी अक्षरं मात्र माफ करा. कातळावर, भर उन्हात, स्वस्त फोनवर ती कुणालाही वाचता येणार नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असा वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचा नियम आहे. हापूसचा पिवळा आणि पांढरा त्याच्या जवळपासही जात नाही. पट्टी गडद करा किंवा अक्षरं काळी करा.

गणिताबद्दल. विजेटला गणित येतं, मराठी आकडे येत नाहीत. १,२०० हे त्याच्या लेखी आकडा नाही, अक्षरांची माळ आहे. मग तो शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघतो. १ आधी, मग ५, मग ७, मग ९. म्हणून १,२०० सगळ्यात स्वस्त, ५५० त्याच्या खाली. याच्यावर उपाय आहे, प्रत्येक सेलला डेटा-ऑर्डर नावाच्या गुणधर्मात तोच आकडा इंग्रजी अंकांत देता येतो. डेटाटेबल्स ही लायब्ररी ते वाचते, तुमच्या अ‍ॅडऑनमागे तीच असेल तर चालेल. पण कातळकर, तुमच्या टेबलात चार ओळी आहेत. चार ओळींना सॉर्टिंग म्हणजे वडापावाला काटा-चमचा. बंद करून टाका.


कातळकर:

ताई, तुम्ही माझ्या खांद्यावरून बघत होतात का? व्हिडिओपर्यंत सगळं बरोबर. हिडन मीच केलं होतं. आत्ता ऑटो केलं, पाचवा कॉलम आला. लेटर स्पेसिंग २ होतं, शून्य केल्याबरोबर "पेटीचा" शब्द एकसंध झाला. तीन वर्षं मी फॉन्टला शिव्या देत होतो, चार वेळा फॉन्ट बदलला.

कॉलम कमी करायचं मात्र अवघड आहे. काका म्हणतात डझनाचा दर काढायचा नाही. लोक बाजारात डझनाने भाव करतात, तुलना डझनावरच होते. वाशी मार्केटातून आलेला शेजारी विचारतो तोही "डझन कितीला?" असंच. पेटीचा एकच आकडा दिसला तर ४,८०० बघून माणूस पळून जाईल, डझनाला १,२०० वाचलं तर निदान थांबेल. यात काकांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

दुपारची_झोप, यंदाचे दर अजून ठरले नाहीत. मोहोर बरा आहे एवढंच सांगतो, पुढचं हवेच्या हातात.


जमाखर्च:

मी पण आकडेवाला, म्हणून मध्ये तोंड घालतो. टेबल दिसतं कसं यावर एवढी चर्चा झाली, पण दर कोण बदलणार? माझ्या आठवणीत त्या प्रकारच्या विजेटमध्ये प्रत्येक सेल वेगळा टाकावा लागतो. आधी "ओळ" नावाची नोंद घाला, मग तिच्याखाली "कॉलम", "कॉलम", "कॉलम". एक नोंद चुकून वरखाली ओढली गेली की ५ डझनीचा दर ६ डझनीच्या ओळीत जाऊन बसतो. आंब्याचा दर आठवड्याला हलतो. दर वेळी एलिमेंटॉर उघडून हे करत बसणार?

मी एका पतपेढीच्या साइटवर ठेवींच्या व्याजदराचं टेबल टेबलप्रेसने केलंय. फुकट प्लगइन आहे. टेबल डॅशबोर्डमध्ये वेगळं राहतं, एक्सेलसारख्या चौकटी दिसतात, दर बदलला की सेव्ह. पानावर फक्त त्याचा शॉर्टकोड, म्हणजे टेबल तिथे आणणारी छोटी खूण, ठेवायचा, एलिमेंटॉरमध्ये शॉर्टकोडचं विजेट आहेच. पानाच्या डिझाइनला हात लागत नाही, म्हणजे काकासुद्धा गावातून दर बदलू शकतात. पहिली ओळ शीर्षकाची आहे ही खूण करा. शोध, पानं पाडणं, सॉर्टिंग या सगळ्या खुणा काढून टाका.

एक्सेलमधून आणणार असाल तर एक ठेच आधीच सांगून ठेवतो. सीएसव्ही (टेबलाची साधी मजकूर फाइल) करताना नुसतं सीएसव्ही निवडलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. यूटीएफ-८ असं लिहिलेला सीएसव्हीचा पर्याय निवडायचा. चार ओळींसाठी मात्र हातानेच टाइप करा, लवकर होईल.


अर्धविराम:

जमाखर्चांशी सहमत, टेबल पानापासून वेगळं असलेलंच बरं. एकच भर: सेल जोडायचा मोह टाळा. "पेटी" असं वर एकदाच लिहून खाली चार ओळींत तो सेल पसरवला की कागदावर देखणं दिसतं, पण फोनवर तेच आधी मोडतं.

काकांचा मुद्दा पटला. मग असं करा. कॉलम तीनच: साईज, पेटीचा दर, फळाचं वजन. डझनाचा दर वेगळ्या कॉलमात नको, पेटीच्या दराच्याच सेलमध्ये खालच्या ओळीला, जरा लहान अक्षरांत: "डझनाला १,२००". टेबलप्रेसच्या सेलमध्ये साधं एचटीएमएल चालतं, ओळ तोडायचा टॅग आणि लहान अक्षरांचा टॅग पुरे. दोन्ही दर एकाच चौकटीत राहतील, एक दिसला आणि दुसरा नाही असं होणारच नाही. "पेटीत किती" हा कॉलमही काढा. "५ डझनी" असं साईजमध्येच लिहिलंय की, पुन्हा "५ डझन" कशाला? नव्या गिऱ्हाइकासाठी साईजखाली लहान अक्षरांत "६० फळं" लिहा. आकडा लहान तर आंबा मोठा हे तुमचं फोनवरचं प्रवचनही वाचेल.

दर उजवीकडे सरकवून लावा. ४,८०० च्या खाली ४,५०० आणि त्याखाली ३,८५०, एककाखाली एकक. मधोमध लावले की आकडे डुलतात, डोळ्याला फरक पटकन लागत नाही. अकाउंट्सवाल्याला हे मी काय सांगणार.

जीआय नंबर टेबलाच्या ओळीत नको, तो कुठल्याही एका साईजचा नाही. टेबलाला कॅप्शन असतं, त्यात "दर देवगड पोच, कुरियर वेगळं" आणि शेजारी जीआय नंबर. वर ठळक दिसेल, काका खूश.


दुपारची_झोप:

एक कामाचंही सांगतो. दर बदलल्यावर कॅश, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत, साफ करा. साइटवर कॅशचं प्लगइन असेल तर तुम्हाला लॉगिन केलेलं असल्यामुळे नवा दर दिसतो आणि गिऱ्हाइकाला मात्र कालचा. बघायचं तर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून बघा, किंवा बायकोच्या फोनवर. आमच्याकडे दुकानाच्या साइटवर दिवाळीचा फराळ होळीपर्यंत "उपलब्ध" होता.


कातळकर:

झालं एकदाचं. शनिवार-रविवार बसून केलं, म्हणून उत्तर उशिरा.

टेबलप्रेस टाकलं, चार ओळी हाताने भरल्या. तीन कॉलम. पहिल्यात "४ डझनी", खाली बारीक "४८ फळं". दुसऱ्यात पेटीचा दर ठळक, खाली "डझनाला". तिसऱ्यात वजन, तेही "२७५–३०० ग्रॅ." असं आखडून. माझ्या फोनवर सरकवायची गरजच पडत नाही, तरी कंटेनरला ओव्हरफ्लो ऑटो ठेवलंय. एकाआड एक ओळीला अगदी फिकट पिवळा रंग दिला, पिवळा सोडवत नव्हता म्हणून. वरची पट्टी गडद हिरवी, पांढरी अक्षरं. आमच्या हिच्या फोनवर, बाल्कनीत, दुपारी बारा वाजता उन्हात धरून वाचलं. वाचता येतं.

सेल जोडायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. एकदा करून पाहिलाही. चौथी ओळ दोन चौकटी डावीकडे सरकली, तेव्हा गपचूप पूर्ववत केलं.

काकांना दर बदलायला शिकवलं. व्हिडिओ कॉलवर तासभर लागला, त्यातली चाळीस मिनिटं पासवर्डात गेली. मग त्यांनी स्वतः ५ डझनीचा दर बदलून सेव्ह केला, मी इकडून खाजगी खिडकीत उघडला, तर जुनाच. कॅश साफ केली, आला. दुपारची_झोप, तुमचा ५ डझनीचा डझन माझ्याकडून लागू.

पुण्याच्या आजोबांनाही लिंक पाठवली, म्हटलं आता बघा. त्यांचं उत्तर आलं, "४,५०० दिसतंय. मागच्या वेळी ७०० दिसत होतं तेच बरं होतं."

काकांनी फोनवर पान उघडून बराच वेळ बघितलं. मी वाट बघतोय, आता काय चूक काढतात.

"दिसता रे आता सगळा. पण हो वर हिरवो रंग कित्याक? लोकांका वाटतला आंबो अजून पिकलो नाय."